पेढी आणि दान : नांदेड-लातूरकडचे विद्यार्थी आणि ऐच्छिक रक्तदान

लातूरच्या गंजगोलाईत ज्यांचा व्यवहार चालतो त्यांना 'पेढी' हा शब्द समजावून सांगावयास नको. पेढीवर ठेव ठेवावयाची, अडचणीला उचल करावयाची आणि उचल केली की ती फेडावयाची. वहीच्या एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. रक्ताच्या साठ्याला आपण मराठीत 'रक्तपेढी' म्हणतो आणि तेथे रक्त देण्याला 'रक्तदान' म्हणतो. रोजच्या वापराने हे दोन्ही शब्द इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही ही गोष्ट आपल्या ध्यानातही येत नाही. पेढीवर दान होत नसते आणि दानाचे खाते नसते. नांदेड-लातूरकडे गेल्या साठ-सत्तर वर्षांत रक्ताच्या बाबतीत जे घडले तो आमच्या मते या दोन शब्दांच्या ओढाताणीचा इतिहास आहे. आणि या ओढाताणीत दानाच्या बाजूने जे आधी उभे राहिले त्यांत महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे स्थान फार वरचे आहे.

'पेढी' हा शब्द आला तो अमेरिकेतून. एकाचे रक्त दुसऱ्याला चालते किंवा चालत नाही याचे कारण व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली दाखवून दिले. रक्तात सायट्रेट मिसळले तर ते गोठत नाही हे १९१४ साली कळले. त्यापूर्वी दाता आणि रोगी यांना शेजारी शेजारी निजवावे लागे. आता रक्त बाटलीत भरून थंड जागी ठेवता येऊ लागले. १९३७ साली शिकागोच्या एका सार्वजनिक रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी असा साठा उभारला आणि त्याला 'बँक' हे नाव दिले. नाव विचारपूर्वक दिलेले होते. ज्या विभागाने रक्त न्यावयाचे त्याने ते आणून जमा करावयाचे, असा तो हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास आपल्याकडील पहिली रक्तपेढी निघाली आणि त्या नावाबरोबर तो हिशेबही इकडे आला. 'एक बाटली हवी असेल तर नातेवाइकांनी एक बाटली द्यावी' हा नियम आपल्यापैकी अनेकांनी रुग्णालयाच्या ओसरीवर ऐकलेला असेल. त्याला 'बदली रक्त' म्हणत. आता बाटली जाऊन प्लॅस्टिकची पिशवी आली. पण खेड्यातला माणूस अजूनही 'बाटली चढवली' असेच म्हणतो.

हा नियम वरवर न्याय्य दिसतो. पण तो मराठवाड्यासारख्या प्रदेशात आणून पाहावा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात आणि नंतरच्या हैदराबाद राज्यात होता आणि मोठ्या दुखण्याला येथली माणसे हैदराबादचा रस्ता धरीत. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ साली. अंबाजोगाईला १९७४ साली, नांदेडला १९८८ साली आणि लातूरला १९९० साली. देगलूरच्या किंवा निलंग्याच्या खेड्यातून अडलेली बाळंतीण बैलगाडीतून, मग एस.टी.ने तालुक्याला, तेथून जिल्ह्याला आणावयाची. तिच्याबरोबर येणार दोन माणसे, म्हातारी सासू आणि घाबरलेला नवरा. त्यांच्याकडून बदली बाटली कशी मिळणार? सासूचे अंग वाळलेले. नवऱ्याला वाटते, रक्त दिले की पेरणीला हात चालावयाचे नाहीत. पेढीचा नियम असा की ज्याच्याजवळ माणसे आहेत त्याला रक्त आहे.

ज्याच्याजवळ माणसे नाहीत पण पैसे आहेत त्याच्यासाठी आणखी एक वाट देशभर निघाली होती, आणि ती रक्त विकणाऱ्याकडे जात होती. हा बहुधा पोटासाठी शहरात आलेला मजूर किंवा व्यसनात सापडलेला माणूस असे. आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानेही तो रक्त देत असे आणि आपले आजार लपवीत असे, कारण ते सांगितले तर दिवसाची कमाई बुडे. रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने १९७० साली एक ग्रंथ लिहून हेच दाखविले की रक्ताचा बाजार मांडला की रक्त महाग होते आणि शिवाय वाईटही होते. त्या ग्रंथावर पुष्कळ वाद झाला. परंतु कावीळ आणि पुढे एड्स यांचा अनुभव आल्यावर त्याचा हा मुद्दा फारसा कोणाला नाकारता आला नाही.

आता दुसरा शब्द. 'दान' हा शब्द आपल्याकडे जुना, इतका जुना की तो थोडा बुरसला होता. गोदान, सुवर्णदान, ग्रहणाचे दान असा तो भटजींच्या पोथीत जाऊन बसला होता. त्याला पुन्हा उजेडात आणले विनोबांनी, आणि योगायोग असा की ते घडले ज्या हैदराबाद राज्यात तेव्हा मराठवाडा होता त्याच राज्यात. १८ एप्रिल १९५१ रोजी नळगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी पहिले भूदान मिळाले. पाठोपाठ श्रमदान आले, ग्रामदान आले. 'रक्तदान' हा शब्द या भावंडांत शोभणारा आहे. शिवाय नांदेडच्या माणसाला निरपेक्ष देण्याचा वस्तुपाठ घराजवळच आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला त्या हुजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो आणि पंगतीत बसणाऱ्याला जात, गाव, नाव विचारले जात नाही. जेवून उठलेल्याला उद्या बदली भाकरी आणून दे असेही तेथे कोणी म्हणत नाही.

मुंबईत १९५४ पासून लीला मुळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाची मोहीम हाती घेतली. रुग्णालयात ज्याचे कोणी नाही अशा रोग्यासाठी, ज्याचा त्याच्याशी संबंध नाही अशा माणसाने रक्त द्यावे, ही कल्पना त्यांनी घरोघर आणि कारखान्यांतून नेली. पण मुंबईत गिरणी होती, कचेऱ्या होत्या, एकेका छपराखाली हजारो धडधाकट माणसे होती. नांदेड-लातूरकडे असे छप्पर कोणते? येथे एका जागी शेकड्यांनी जमलेली, अठरा वर्षे पुरी झालेली, निरोगी आणि शिकलेली माणसे मिळावयाची ती महाविद्यालयातच. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. या विद्यार्थ्याचा कोणी नातेवाईक रुग्णालयात नसतो. पेढीच्या वहीत त्याच्या नावे काही मांडलेले नसते. तो देतो तेव्हा ते खरोखरच दान असते.

या प्रदेशातील विद्यार्थ्याला पुढारीपण नवे नव्हते. १९३८ साली औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी निजामी राजवटीत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला, वसतिगृहातून नावे काढली जाऊ दिली आणि पुष्कळांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला. त्या पिढीतून निघालेली माणसे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत लढली. पुढे १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात वसमतला गोळीबार झाला आणि विद्यार्थी बळी पडले. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा विद्यार्थी दोन्ही बाजूंना उभे होते, आणि नांदेड-परभणीकडच्या कित्येक खेड्यांत दलितांची घरे जळाली. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. हे आम्ही येथे मुद्दाम काढतो, कारण रक्तदानाच्या व्यासपीठावर 'रक्ताला जात नसते' हे वाक्य फार सहज बोलले जाते. ज्या जिल्ह्यात जातीवरून घर पेटलेले माणसांनी पाहिले आहे तेथे ते वाक्य सहज बोलण्याचे नव्हे. रक्ताच्या पिशवीवरील चिठ्ठीत गट असतो, क्रमांक असतो, काढल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. देणाऱ्याचे आडनाव रोग्याला कळत नाही आणि रोग्याचे देणाऱ्याला कळत नाही. मराठवाड्यात ही अनामिकता केवळ वैद्यकीय शिस्त नव्हे, तिच्यात सामाजिक अर्थ भरलेला आहे, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक रक्तदानाचा आपल्या देशातील एक प्रारंभ बंगालात झाला. १९६२ साली जादवपूर विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी शिबिर भरविले आणि तेथे पहिले रक्त दिले ते कुलगुरू त्रिगुण सेन यांनी. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले आणि जवानांसाठी रक्त देण्याचे आवाहन सर्वत्र झाले. कुलगुरू आधी खाटेवर निजले, ही गोष्ट किरकोळ नव्हे. या कामात भीती ही मुख्य अडचण असते आणि ती भाषणाने जात नाही. नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शल्यविशारद १९३८ साली चीनमध्ये गेला तेव्हा तेथल्या खेडुतांनी रक्त देण्याचे नाव काढताच अंग चोरले. बेथ्यूनने त्यांच्यादेखत आपले रक्त काढून जखमी सैनिकाला दिले. मग खेडूत पुढे आले. या बेथ्यूनच्या पश्चात त्याच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा ज्यांनी वाहिली आणि १९४२ साली तेथेच प्राण ठेवला ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस लातूरच्या शेजारच्या सोलापूरचे.

मराठवाड्याच्या महाविद्यालयांत या कामाला घर मिळाले ते राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली आणि हळूहळू सर्वत्र पसरली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावयाचे आणि दत्तक घेतलेल्या खेड्यात सात दिवसांचे शिबिर करावयाचे. या शिबिरांत पूर्वी रस्ते होत, बांध घातले जात, शोषखड्डे खणले जात. पुढे त्यांत रक्तदान आले. १९७५ पासून १ ऑक्टोबर हा दिवस देशात ऐच्छिक रक्तदानाचा म्हणून पाळला जाऊ लागला आणि महाविद्यालयांना एक हक्काची तारीख मिळाली.

खेड्यातील शिबिर हे शहरातील शिबिराहून वेगळे. वर्गात शंभर मुलांना हात वर करावयास सांगणे सोपे आहे. मुखेड किंवा औसा तालुक्यातील एखाद्या गावी पारावर बसलेल्या माणसांना समजावणे अवघड. ती माणसे मूर्ख नसतात. त्यांचे प्रश्न नेमके असतात. किती काढता? परत कधी भरून येते? उन्हात काम चालेल का? ज्या विद्यार्थ्याने आधी उत्तरे पाठ केलेली नसतात त्याची तेथे त्रेधा उडते. उत्तरे अशी आहेत : अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, त्यांतील ३५० मिलिलिटर घेतात, वजन ५५ किलोहून अधिक असेल तर ४५० पर्यंत, त्यांतील पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरतो, तांबड्या पेशी भरण्यास काही आठवडे लागतात, त्या दिवशी जड काम करू नये आणि पाणी भरपूर प्यावे. हे सांगणारा पोरगा त्याच तालुक्याचा असला, त्याची बोली तीच असली आणि त्याने स्वतः सकाळी रक्त दिलेले असले, तर ऐकणाऱ्याच्या मनातील निम्मी शंका तेथेच फिटते. डॉक्टरांच्या तोंडून हीच उत्तरे आली तर माणसे मान डोलावतात आणि उठून जातात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला धरणी हादरली. गणपतीचे विसर्जन करून माणसे नुकती निजली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे उद्ध्वस्त झाली आणि सुमारे १० हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. दुसरा दिवस १ ऑक्टोबर, ऐच्छिक रक्तदानाचा दिवस होता. अशा आपत्तीनंतर रक्त देण्यासाठी माणसांची रीघ लागते हे सर्व देशांत दिसते आणि त्यात मानवतेचे मोठे दर्शन घडते. तथापि रक्त काढून, त्याची तपासणी करून ते रोग्याला देईपर्यंत वेळ जातो. भिंतीखालून काढलेल्या माणसाला पहिल्या तासांत जे रक्त मिळते ते आदल्या दिवशी किंवा आदल्या आठवड्यात कोणीतरी देऊन ठेवलेले असते. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लक्षावधी लोकांनी रक्त दिले, आणि जखमींना त्यांतील फारच थोडे लागले. पुष्कळसे मुदत संपून वाया गेले. भावनेने दिलेले रक्त आणि ठरवून दिलेले रक्त यांतील हा फरक विद्यार्थी पुढाऱ्याने ओळखावयास हवा.

मग कायद्याने पेढीच्या वहीत हात घातला. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. परवान्याशिवाय रक्तपेढी चालू नये, राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापाव्यात आणि पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत दोन वर्षांत बंद व्हावी असे त्यात होते. १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. विकणारा गेला, त्याची जागा कोणी भरावयाची? नातेवाइकांनी, किंवा विद्यार्थ्यांनी.

नेमक्या याच सुमारास येथील विद्यार्थी पुढाऱ्याचे रूप पालटले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे झालेला हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. त्याच वर्षी महाराष्ट्रात नवा विद्यापीठ कायदा झाला आणि महाविद्यालयातील थेट निवडणुका जाऊन गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची रीत आली. म्हणजे या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मतपेटीतून आलेला पुढारी जवळजवळ पाहिलाच नाही. पुढारीपणाची हौस मात्र कायद्याने जात नाही. ती काही अंशी सेवा योजनेत गेली आणि काही अंशी गावच्या नेत्यांच्या वाढदिवसात गेली. आज रक्तदानाचे शिबिर म्हटले की कमान, फलक, नेत्याचे छायाचित्र आणि दात्याला डबा किंवा हेल्मेट, असे दृश्य दिसते. आम्ही त्याची थट्टा करीत नाही. त्या रक्तानेही माणसे वाचतात. पण भेटवस्तूचा डबा हातात आला की बाजार मागच्या दाराने पुन्हा आत आला म्हणावयाचे. आणि शिबिराचे यश पिशव्यांच्या संख्येवर मोजले की पुढारी संख्येच्या मागे लागतो. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. एका दिवशी मिळालेल्या हजार पिशव्या दुसऱ्या महिन्याला पुरत नाहीत.

मुलींविषयी स्वतंत्रपणे सांगावयास हवे. रक्त देण्यास हिमोग्लोबिन १२.५ लागते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. त्यामुळे शिबिरात उत्साहाने आलेल्या कित्येक मुलींना टेबलावरूनच परत पाठवावे लागते. कित्येकींना आपले हिमोग्लोबिन किती हे आयुष्यात पहिल्याने तेथे कळते. चांगली स्वयंसेविका त्या परत गेलेल्या मुलींची नावे टिपून ठेवते, त्यांना लोहाच्या गोळ्या मिळतील असे पाहते आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावयास लावते. आमच्या मते रक्तदान चळवळीतील हे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

लातूरची आणखी एक गंमत आहे. 'लातूर पॅटर्न'च्या कीर्तीने अकरावी-बारावीची मुले बाहेरगावाहून या शहरात येऊन राहतात. डॉक्टर होण्यासाठी आलेल्या मुलांनी शहर भरलेले, आणि त्यांतील बहुतेकांना रक्त देण्याची परवानगी नाही, कारण त्यांची अठरा वर्षे पुरी झालेली नाहीत! त्यांना फक्त समजावण्याचे काम करता येते, भेटीला आलेल्या वडिलांना आणि मामांना. तेही थोडे नव्हे.

दानाला खाते नसते असे आम्ही आरंभी म्हटले. दात्यांची यादी मात्र ठेवावीच लागते. १९२१ साली लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर नावाच्या नगरपालिकेतील एका कारकुनाने ऐच्छिक दात्यांची टिपणपत्रे आपल्या घरात ठेवण्यास प्रारंभ केला. रुग्णालयाचा दूरध्वनी आला की त्या गटाचा माणूस पाठवावयाचा. पेढी निघण्यापूर्वी सोळा वर्षे ही यादी निघाली. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विरळा रक्तगट शोधून काढला. तो 'बॉम्बे' गट म्हणूनच जगात ओळखला जातो. त्या गटाच्या माणसाला त्याच गटाचे रक्त लागते, आणि ते यादीवाचून सापडत नाही. झिंबाब्वेमध्ये शाळेत रक्त देणारी मुले शाळा सुटली की देईनाशी होत. म्हणून १९८९ साली तेथे तरुणांनी एक मंडळ काढले, पंचविसाव्या वर्षापर्यंत पंचवीस वेळा रक्त देण्याची प्रतिज्ञा करावयाची. आपल्याकडे पुरुषाने ९० दिवसांनी आणि स्त्रीने १२० दिवसांनी पुन्हा रक्त द्यावे असा नियम आहे; अठराव्या वर्षी आरंभ करणाऱ्या मुलाला हा आकडा गाठता येईल, मुलीला तो थोडक्यात हुकेल.

ज्या दिवसांत आपल्या गावोगावच्या वसंत व्याख्यानमाला रंगतात त्याच दिवसांत रक्ताची टंचाई वाढते. परीक्षा संपतात, वसतिगृहे रिकामी होतात, शिबिरे थांबतात. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीने महाविद्यालये बंद झाली तेव्हा हीच टंचाई राज्यभर एकदम दिसली. थॅलसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. किनवट-माहूरकडच्या आदिवासी वस्त्यांतील सिकलसेलच्या रोग्यालाही ते केव्हा लागेल याचा नेम नसतो. आणि बाळंतपणे वैशाखातही होतात. सुट्टीत विद्यार्थी नाहीसा होत नाही, तो अहमदपूरला, हदगावला, उदगीरला आपल्या घरी असतो. म्हणून यादी महाविद्यालयाच्या वर्गवार न करता तालुकेवार करावी, आणि तीत गटाबरोबर शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहावी. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या शिबिरात ज्या मुलाने रक्त दिले त्याचे नव्वद दिवस २० मेला भरतात, मुलीचे एकशेवीस दिवस १९ जूनला. १४ एप्रिलला भीमजयंतीच्या दिवशी ज्याने दिले त्याला जुलैच्या मध्यापर्यंत बोलावता येत नाही. फेब्रुवारीच्या शिबिरात रांगेतील वीस-पंचवीस जणांना 'तुम्ही आज देऊ नका, तुम्हांला मे महिन्यात बोलावतो' असे सांगून परत पाठविणारा सचिव ज्या महाविद्यालयात असतो, त्या तालुक्याला उन्हाळ्यात रक्त मिळते. त्या दिवशीच्या फलकावरील आकडा मात्र तेवढ्याने कमी होतो.